उंबऱ्यापर्यंत आलेले इंटरनेट

गेल्या काही वर्षांत बेळगाव व निपाणीकडील घरांतून एक नवीच तक्रार ऐकू येऊ लागली आहे. भिंतीवरच्या पेटीचे दिवे हिरवे आहेत, राउटरचे दिवेही लुकलुकत आहेत, मोबाईल वायफायला जोडला गेल्याचे दाखवितो. आणि तरीही एक पान म्हणून उघडत नाही. पडद्यावर मोठ्या शिष्टपणे लिहिलेले असते, ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’. केबलवाल्यास बोलवावे तर तो आपला लॅपटॉप काढतो, तार त्यास लावतो, इंटरनेट चालत असल्याचे डोळ्यांदेखत दाखवून देतो आणि ‘आमच्याकडून सर्व ठीक आहे, तुमचा राउटर गेला’ असे सांगून निघून जातो. मग दुकान गाठावयाचे, दीड-दोन हजार रुपये मोजावयाचे, नवा राउटर आणावयाचा. आणि पुष्कळदा त्या नव्या राउटरवरही तेच दिवे व तेच वाक्य!

वाचकहो, ही कुरबुर वरवर क्षुल्लक वाटेल. पण तिची झळ किती दूर पोचते ते पाहा. निपाणीची मुलगी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा अर्ज घरूनच भरते. बेळगावचा मुलगा विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा निकाल घरीच पाहतो. चिकोडीकडील शेतकरी ‘भूमी’वरून जमिनीचा उतारा काढतो, आणि आखातात नोकरीस असलेल्या मुलाचे तोंड आईस आठवड्यातून एकदा दिसते ते याच तारेच्या जोरावर. अर्जाची मुदत रात्री बारास संपते. ती राउटरसाठी खोळंबत नाही. शिवाय विड्या वळून संसार चालविणाऱ्या घरात दोन हजार रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी होय. ती विनाकारण दुकानदाराच्या गल्ल्यात जावी, हे आम्हांस पटत नाही. म्हणून आजच्या लेखात या एकाच दुखण्याचा विचार करावयाचा आहे: इंटरनेट उंबऱ्यापर्यंत आले आहे, पण घरात वाटले जात नाही. असे का होते, आणि दोष कोणत्या सांध्यात आहे हे घरच्या माणसांनीच कसे ओळखावे?

प्रथम राउटर करतो तरी काय, ते समजून घेऊ. निपाणीच्या वाचकांस तंबाखूची वखार म्हणजे काय हे सांगावयास नको. वखारीचा रस्त्यावरील पत्ता एकच. आत मात्र खोल्या अनेक, माणसे अनेक. अशी कल्पना करा, की दारावर एक दिवाणजी बसला आहे. आत येणाऱ्या प्रत्येकास तो क्रमांकाचा एक बिल्ला देतो. आतल्या कोणास बाहेर चिठ्ठी पाठवावयाची झाली, तर ती दिवाणजीच्या हातून जाते. तो आपल्या वहीत टिपून ठेवतो की बारा नंबरच्या बिल्ल्याने अमक्या पेढीस चिठ्ठी पाठविली. आणि चिठ्ठीवर मात्र वखारीचा एकच पत्ता घालतो. उत्तर येते ते वखारीच्या नावाने. दिवाणजी वही उघडतो, नोंद पाहतो आणि उत्तर बारा नंबरवाल्याच्या हाती देतो. राउटर नेमके हेच करतो. बिल्ले वाटणे हे त्याचे पहिले काम. त्यास यंत्राच्या परिभाषेत डीएचसीपी म्हणतात. वही ठेवून चिठ्ठ्यांची अदलाबदल करणे हे दुसरे. त्याचे नाव नॅट. वायफायचा मोबाईलशी जमलेला दोस्ताना म्हणजे केवळ दारातून आत येणे होय. बिल्ला मिळाला नाही, किंवा दिवाणजीसच बाहेरचा पत्ता ठाऊक नाही, तर आत येऊन उपयोग काय? ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ या वाक्याचा सगळा अर्थ एवढाच आहे.

ही दिवाणजीची व्यवस्था मुळात का आली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी ४९ लाख. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र पत्ता द्यावयाचा म्हटले, तर ते पुरणार नाहीत हे १९९० नंतर लवकरच ध्यानात आले. मे १९९४ मध्ये दोन अभियंत्यांनी एका पत्त्याआड अनेक यंत्रे बसविण्याची ही युक्ती मांडली, आणि ती तात्पुरत्या सोयीची आहे असे त्याच लेखात सांगून टाकले. फेब्रुवारी १९९६ मध्ये काही क्रमांक केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले, १९२.१६८ ने सुरू होणारे आपल्या ओळखीचे पत्ते त्यांतलेच. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शिल्लक पत्त्यांचे अखेरचे गठ्ठे वाटले गेले, आणि ती तात्पुरती सोय आजही घरोघर चालू आहे. तात्पुरती व्यवस्था किती वर्षे टिकते, हे सीमाभागातील माणसास वेगळे सांगावयास नको. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एक टेलिफोन व एक संगणक असा मामला असे. वाटणीचा प्रश्नच नव्हता. आज एका घरात चार मोबाईल, एक लॅपटॉप व एक दूरदर्शन संच असतो. तंटा आहे तो वाटणीचा.

आता उपायांकडे वळू. पण त्याआधी एक सक्त ताकीद. राउटरच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढे एक छिद्र असते. त्यात टाचणी खुपसून काही सेकंद दाबून धरले, की राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाच्या मूळ स्थितीस जातो. शेजारचा कोणी उत्साही तरुण येतो आणि पहिल्या झटक्यास हेच करतो. ‘बंद करून सुरू करणे’ आणि ‘मूळ स्थितीस नेणे’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीने काही बिघडत नाही. दुसरीने दिवाणजीची सारी वहीच जळून जाते: वायफायचे नाव, परवलीचा शब्द, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपनीने दिलेले जोडणीचे नाव व संकेतशब्द. हे शेवटचे दोन शब्द बहुतेक घरांत कोणासच ठाऊक नसतात; बसविणाऱ्याने ते भरले आणि तो गेला. अर्धे इंटरनेट बंद होते, ते आता संपूर्ण बंद होते. आणि तेही रात्री दहा वाजता, केबलवाला फोन उचलत नाही अशा वेळी. म्हणून त्या छिद्रास कोणी हात लावू नये, निदान ते दोन शब्द वहीत उतरवून घेतल्याशिवाय तरी नाहीच.

पाहणीची सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने करावी. इंटरनेट घरातील एकाच यंत्रावर बंद आहे, की सर्वांवर? एकाच मोबाईलवर बंद असेल तर राउटरला दोष देऊ नये. त्या मोबाईलमधील वायफायचे नाव पुसून पुन्हा जोडावे, आणि त्याची तारीख व वेळ बरोबर आहे का ते पाहावे. घड्याळ चुकले असले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. ही गोष्ट पुष्कळांस खरी वाटत नाही, पण खरी आहे.

सर्वच यंत्रांवर बंद असेल, तर भिंतीवरच्या फायबरच्या पेटीकडे पाहावे. तीवर ‘लॉस’ किंवा ‘एल-ओ-एस’ असा एक दिवा असतो. तो तांबडा झाला असेल, तर रस्त्याकडून प्रकाशच येत नाही. कोठेतरी खोदकाम झाले असेल, खांबावर तार तुटली असेल, किंवा घरातच कपाट सरकविताना ती नाजूक तार दुमडली गेली असेल. यात घरच्या माणसाने करण्यासारखे काही नाही, तक्रार नोंदवावी. फायबरचे टोक उघडून त्यात डोकावून मात्र पाहू नये. त्यातील प्रकाश डोळ्यांस दिसत नाही, पण डोळ्यांस अपाय करू शकतो.

तांबडा दिवा नसेल, तर महिन्याची वर्गणी संपली नाही ना, ते पाहावे. हसण्यासारखी गोष्ट नाही. वर्गणी संपल्यावर काही कंपन्या जोडणी तोडत नाहीत. पैसे भरण्याचे पान तेवढे उघडू देतात व बाकी सर्व अडवितात. तेव्हाही पडद्यावरचे वाक्य तेच असते.

त्यानंतर तारेचे ठिकाण पाहावे. राउटरच्या पाठीमागे चार-पाच खाचा असतात. त्यांतील एक वेगळी, पुष्कळदा वेगळ्या रंगाची, आणि तिच्यापाशी ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले असते. बाहेरून आलेली तार या खाचेतच बसावयास हवी. दिवाळीची झाडलोट झाली, टेबल हलविले, तार निघाली आणि मिळेल त्या खाचेत खोवली गेली, असे फार घडते. तार ‘लॅन’ खाचेत गेली तरी दिवा लागतोच. त्यामुळे कोणास संशय येत नाही. पण दिवाणजी दाराशी बसण्याऐवजी आतल्या माणसांत जाऊन बसल्यासारखे होते, आणि दार मोकळे राहते.

वीज जाऊन आल्यावर हे दुखणे उद्भवले असेल, तर आणखी एक सोपा उपाय आहे. वीज आली की पेटी व राउटर दोन्ही एकदम जागे होतात. राउटर पेटीकडे बाहेरचा पत्ता मागतो. पेटीचे अजून रस्त्याशी बोलणेच चाललेले असते. उत्तर मिळत नाही आणि काही राउटर तसेच रुसून बसतात. अशा वेळी दोन्हींची वीज काढावी. मिनिटभर थांबून आधी फक्त पेटी सुरू करावी. तिचे दिवे स्थिर झाले, की मग राउटर सुरू करावा. क्रम महत्त्वाचा आहे. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी दोन-तीनदा वीज जाते. तेव्हा या एका क्रमाने कितीतरी फेऱ्या वाचतात.

एवढे करूनही पान उघडत नसेल, तर आता त्या लॅपटॉपच्या परीक्षेकडे येऊ. केबलवाला तार लॅपटॉपला लावून इंटरनेट चालवून दाखवितो, ही परीक्षा खोटी नाही. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. रस्त्यापासून तारेच्या टोकापर्यंत सर्व ठीक आहे, एवढेच तिने सिद्ध होते. राउटर बिघडला, हे सिद्ध होत नाही. लॅपटॉपवर चालणारे इंटरनेट धडधाकट राउटरवर न चालण्याची आम्हांस तीन मोठी कारणे दिसतात, आणि तिन्हींस दुकानातून काही आणावे लागत नाही.

पहिले कारण जोडणीच्या नावाचे. अनेक कंपन्यांच्या जोडणीस प्रत्येक वेळी नाव व संकेतशब्द सांगावा लागतो. या पद्धतीस पीपीपीओई म्हणतात व ती १९९९ पासून प्रचलित आहे. केबलवाल्याच्या लॅपटॉपमध्ये असे एखादे नाव आधीच भरलेले असते. राउटरमध्ये ते नसेल, चुकीचे असेल, किंवा जोडणीचा प्रकार म्हणून ‘पीपीपीओई’ऐवजी ‘डायनॅमिक’ निवडला गेला असेल, तर राउटर दाराबाहेरच उभा राहतो. येथे एक बारकावा आहे. पुष्कळ ठिकाणी एका नावाने एका वेळी एकासच आत घेतात. समजा, लॅपटॉपवर परीक्षा करताना तुमचेच नाव वापरले गेले, आणि परीक्षा होताच तार उपटून राउटरला लावली. तर कंपनीच्या दप्तरी लॅपटॉप अजून आतच आहे असे दिसते व राउटरला नकार मिळतो. पाच-दहा मिनिटे थांबावे, अगर केबलवाल्यास फोन करून ‘जुने सत्र मोडा’ असे सांगावे. अशा वेळी नवा राउटर आणला तर दुकानात जाऊन येईपर्यंत ते जुने सत्र आपोआप मोडते, नवा राउटर झटकन चालतो, आणि जुना बिघडला होता अशी सर्वांची खात्री पटते!

दुसरे कारण ओळखीचे. प्रत्येक जोडयंत्रास कारखान्यातच बारा चिन्हांचा एक क्रमांक मिळतो. ० ते ९ अंक व ए ते एफ अक्षरे यांनी तो बनतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. काही केबलवाले प्रथम जोडलेल्या यंत्राचा हा क्रमांक नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रास दाद देत नाहीत. जुन्या काळी संगणकास थेट तार लावून घेतलेल्या घरी हे विशेष आढळते. उपाय दोन. केबलवाल्यास राउटरचा क्रमांक कळवावा. तो राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. अथवा राउटरच्या मांडणीत ‘मॅक क्लोन’ म्हणून सोय असते, तिच्याद्वारे राउटरला जुन्या संगणकाचाच क्रमांक धारण करावयास लावावा. मात्र तो क्रमांक संगणकाच्या तारेच्या खाचेचा हवा. त्याच्या वायफायचा क्रमांक निराळा असतो.

तिसरे कारण सर्वांत फसवे, आणि फायबर आल्यापासून तेच वाढले आहे. कंपनीने दिलेली भिंतीवरची पेटी ही पुष्कळदा नुसती पेटी नसते; ती स्वतःच एक राउटर असते. तीही बिल्ले वाटते आणि स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असा सांगते. आपण विकत घेतलेला राउटरही कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आलेला असू शकतो. आता काय झाले? एकाच बोळात एकाच नंबरच्या दोन वखारी झाल्या. आतला माणूस बाहेर चिठ्ठी देतो. दिवाणजी पाहतो तो बाहेरचा पत्ता व आतला पत्ता एकाच मालिकेतील. चिठ्ठी बाहेर न्यावयाची की आत, हे त्यास उमगत नाही. लॅपटॉप थेट पेटीला लावला की मधला दिवाणजी नाहीसा होतो, म्हणून इंटरनेट चालते. काही नवे राउटर हा घोळ आपण होऊन ओळखतात व आपला पत्ता बदलतात. जुने बदलत नाहीत. उपाय अगदी स्वस्त आहे. राउटरच्या मांडणीत जाऊन ‘लॅन’ या सदराखाली त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा करावा, जतन करावे व राउटर पुन्हा सुरू करावा. यापुढे मांडणीचे पान उघडावयाचे ते याच नव्या पत्त्यावर. हे सर्व आकडे यंत्रात इंग्रजी अंकांतच भरावयाचे असतात, हे येथे सांगून ठेवतो.

मांडणीत जावयाचे कसे? मोबाईल राउटरच्या वायफायला जोडावा, मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करावा, आणि ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या जागी राउटरचा पत्ता लिहावा. तो पत्ता व आत शिरण्याचा परवलीचा शब्द बहुधा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवरच असतो. इंटरनेट बंद असतानाही हे पान उघडते. कारण ते बाहेरून येत नाही, राउटरच्याच पोटात असते. ते उघडले की ‘स्टेटस’ या सदराखाली ‘वॅन’चा पत्ता पाहावा. दिवाणजीस बाहेरचा पत्ता मिळाला आहे की नाही, हे येथे एका दृष्टिक्षेपात समजते. ०.०.०.० असेल, तर काहीच मिळालेले नाही. वरील पहिली दोन कारणे तपासावीत. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर पुढे आणखी एक राउटर आहे. तिसरे कारण तपासावे. शंभरच्या मालिकेतील, म्हणजे १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचा असेल, तर घाबरू नये. एप्रिल २०१२ पासून ही मालिका कंपन्यांच्या वापरासाठी राखीव आहे. तुमच्या दिवाणजीच्या वर कंपनीचा एक थोरला दिवाणजी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पाने उघडण्यास त्याची आडकाठी नसते.

बाहेरचा पत्ता मिळाला आहे, आणि घरातील लॅपटॉपवर मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, असेही होते. याचा अर्थ लॅपटॉपला कोणी बिल्ला दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लिहून छातीस लावला. राउटरमधील डीएचसीपी बंद आहे का ते पाहावे व चालू करावी. आणि बाहेरचा पत्ता आहे, बिल्लाही आहे, तरी संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर ब्राउझरमध्ये नावाऐवजी १.१.१.१ एवढेच लिहून पाहावे. पान उघडले, तर रस्ता मोकळा आहे; नावावरून पत्ता सांगणारा तेवढा मुका झाला आहे. राउटरच्या मांडणीत ‘डीएनएस’च्या जागी १.१.१.१ व ८.८.८.८ हे दोन आकडे भरले, की हा दोष जातो.

आता थोडे आमच्या जुन्या घरांविषयी. बेळगावच्या कॅम्पात वा शहापुरात अजून दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींची घरे आहेत. उन्हाळ्यात त्यांचा गारवा सुखाचा. वायफायला मात्र त्या भिंती मानवत नाहीत. पुढच्या खोलीतील राउटर माजघरात पोचत नाही म्हणून लोक दुसरा राउटर आणतात, आणि वर सांगितलेला दोन वखारींचा घोळ आपल्या हाताने घरात घेतात. दुसरा राउटर जरूर वापरावा. पण त्याची दिवाणजीगिरी काढून घ्यावी. त्याचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतील पण निराळा करावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. त्याची डीएचसीपी बंद करावी. पहिल्या राउटरच्या ‘लॅन’ खाचेतून तार काढून दुसऱ्याच्याही ‘लॅन’ खाचेतच घालावी. ‘वॅन’ खाच रिकामी ठेवावी. मग तो केवळ माजघरातला निरोप्या होतो; वही पुढच्या दारी एकच राहते. मधली तार तांब्याची साधी नेटवर्कचीच हवी.

तक्रार नोंदविण्याविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. कंपनीस फोन केला की प्रथम नोंदणीकृत मोबाईल क्रमांक विचारतात व त्यावर सांकेतिक आकडा पाठवितात. आमच्याकडे तो क्रमांक बहुधा पुण्यास वा गोव्यास नोकरीस गेलेल्या मुलाचा असतो. जोडणी त्यानेच सुट्टीत येऊन घेतलेली. मुलगा कामावर, फोन बंद, आणि निपाणीत आई सांकेतिक आकड्याची वाट पाहत बसते. जोडणी जो घरी राहतो त्याच्या क्रमांकावर करून घ्यावी; हे काम मुलगा पुढच्या सुट्टीस येईल तेव्हा दहा मिनिटांत होते. तक्रार नोंदविली की तिचा डॉकेट क्रमांक मागून घ्यावा. तो देणे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे, आणि निकाल समाधानकारक न लागल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच लागतो. ‘केबलवाल्यास सांगितले होते’ या वाक्यास तेथे किंमत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीत व कानडीत, दोन्ही भाषांत बोलता येते. ज्यांची हिंदी-इंग्रजी अडखळते अशा वडीलधाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राहता राहिला खरोखर बिघडलेला राउटर. तोही असतो, आणि आमच्या भागात त्याचे सर्वांत मोठे कारण वीज कडाडणे हे आहे. फायबरची तार काचेची. तिच्यातून विजेचा धक्का येत नाही. पण गावोगावचे काही केबलवाले खांबावरच्या पेटीपासून घरापर्यंत अजून तांब्याची तार छपरांवरून ओढतात. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, की त्या तारेतून धक्का थेट राउटरच्या ‘वॅन’ खाचेत येतो व ती जळते. विजेच्या बाजूने संरक्षण करणारे यंत्र बसविले असले, तरी हा धक्का दुसऱ्या वाटेने येतो. आभाळ गर्जू लागताच राउटरची वीज काढावी, आणि ही तारही उपटून ठेवावी. खाच जळाली आहे हे ओळखणे सोपे आहे. चांगली तार घातली, दुसऱ्या टोकास चालू यंत्र आहे, आणि तरीही ‘वॅन’चा दिवा अजिबात लागत नाही, तीच तार ‘लॅन’ खाचेत घातली की तेथला दिवा लागतो. एवढे पाहिल्यावर मात्र नवा राउटर घ्यावा.

जुना भंगारवाल्यास देऊ नये. त्याची ‘वॅन’ खाच गेली असली, तरी ‘लॅन’ खाचा व वायफाय बहुधा शाबूत असतात. वर सांगितल्याप्रमाणे दिवाणजीगिरी काढून घेतलेला राउटर ‘वॅन’ खाच वापरीतच नाही. तो माजघरात वा माडीवर आणखी काही वर्षे चालतो.